युद्धावर गेलेल्यांचे आपण काय देणे लागतो?

नोव्हेंबर हा आपल्याकडे मृतांच्या स्मरणाचा महिना. दोन तारखेला आपण सहकुटुंब दफनभूमीत जातो, कबरी झाडून-पुसून ठेवतो, फुले वाहतो, मेणबत्त्या लावतो. फादर कबरींवर पवित्र पाणी शिंपडतात आणि आपण आपापल्या माणसांसाठी प्रार्थना करतो. त्या दिवशी प्रत्येक धर्मगुरूला तीन मिस्सा अर्पण करण्याची मुभा असते, हे पुष्कळांना ठाऊक असेल. परंतु ही मुभा जगभरच्या सर्व धर्मगुरूंना केव्हा मिळाली, हे फारसे कोणी सांगत नाही. ती मिळाली १० ऑगस्ट १९१५ रोजी. पहिले महायुद्ध सुरू होऊन तेव्हा वर्ष झाले होते. युरोपात रोज हजारो तरुण मरत होते. कित्येकांना कबर नव्हती, कित्येकांच्या शेवटच्या क्षणी जवळ कोणी नव्हते. अशा वेळी पोप बेनेडिक्ट पंधरावे यांनी मृतांसाठी अधिक मिस्सा व्हाव्यात म्हणून ही परवानगी दिली. दोनच वर्षांनी, १ ऑगस्ट १९१७ रोजी, त्यांनीच लढणाऱ्या राष्ट्रांच्या प्रमुखांना पत्र लिहून या युद्धाला निरर्थक कत्तल म्हटले.

म्हणजे दरवर्षी ज्या मिस्सांना आपण हजर असतो, त्यांच्या मागे युद्धात मेलेल्या माणसांची आठवण आहे. युद्धाला निरर्थक म्हणणारे आणि त्या युद्धात मेलेल्यांसाठी वेदीवर प्रार्थना वाढवणारे पोप एकच होते. या दोन गोष्टी त्यांना परस्परविरोधी वाटल्या नाहीत. आपल्याला मात्र त्या बऱ्याचदा तशा वाटतात, आणि त्यामुळेच आपल्या घरातून युद्धावर गेलेल्यांविषयी आपण एकतर गप्प राहतो किंवा भलतेच बोलतो. आज याच प्रश्नाचा आपण थोडा विचार करू या.

कोण गेले होते?

पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून दहा लाखांहून अधिक माणसे समुद्रापार गेली. त्यांतली सुमारे ७४ हजार परत आली नाहीत. दुसऱ्या महायुद्धात हिंदी सैन्याची संख्या २५ लाखांवर गेली आणि सुमारे ८७ हजार माणसे मरण पावली. हे आकडे मोठे आहेत, पण ते ऐकताना आपल्या डोळ्यांसमोर केवळ बंदूकधारी शिपाई येतो. वस्तुस्थिती तशी नव्हती. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, सुमारे ५ लाख ८८ हजार हिंदी माणसे गेली. त्यांतली जवळजवळ निम्मी लढाऊ नव्हती. ती खेचरे हाकणारी, डोली वाहणारी, पाणी भरणारी, स्वयंपाक करणारी, रस्ते आणि रेल्वे बांधणारी माणसे होती. काही तर तुरुंगातली होती. उरलेली शिक्षा माफ होईल या आशेने त्यांनी मजुरांच्या तुकडीत नाव घातले होते.

आपल्या किनाऱ्यावरच्या ख्रिस्ती घरांतून माणसे बोटीवर गेली, रेल्वेत गेली, लष्करी दवाखान्यांत आणि कचेऱ्यांत कामाला लागली. मुंबईहून सुटणाऱ्या ब्रिटिश कंपन्यांच्या बोटींवर कामाची वाटणीच ठरलेली असे. डेकवर कोकणातले आणि गुजरातेतले खलाशी, खाली इंजिनाच्या धगीत पंजाब आणि सिल्हेटकडचे, आणि सलूनमध्ये व भटारखान्यात गोव्याचे. धोबीतलाव भागात गोव्याच्या गावांनी चालवलेल्या ‘कूड’ होत्या, काही अजूनही आहेत. बोट लागेपर्यंत खलाशी तिथे पथारी टाकत, संध्याकाळी एकत्र रोझरी म्हणत. युद्ध पेटले तेव्हा या माणसांनी वर्दी चढवली नाही. पण ज्या समुद्रातून ती जात होती त्या समुद्रात पाणबुड्या होत्या.

चांदी शोधली, माणसे कोणी शोधली?

‘तिलावा’ बोटीची हकीकत पाहा. ब्रिटिश इंडिया कंपनीची ही बोट २० नोव्हेंबर १९४२ रोजी मुंबईहून आफ्रिकेला जायला निघाली. बोटीवर ७३२ उतारू, २२२ खलाशी आणि ४ तोफची होते. २३ तारखेच्या रात्री आय-२९ नावाच्या जपानी पाणबुडीने तिच्यावर टॉर्पेडो सोडला. काही वेळाने दुसरा टॉर्पेडो आला आणि बोट बुडाली. २८० माणसे गेली. ६७८ वाचली. वाचलेल्यांतल्या बहुतेकांना ‘बर्मिंगहॅम’ या युद्धनौकेने समुद्रातून उचलून २७ नोव्हेंबरला मुंबईला आणले.

बोटीच्या पोटात चांदीच्या २,३६४ विटा होत्या. वजन सुमारे साठ टन. २०१७ मध्ये एका कंपनीने खोल समुद्राच्या तळातून ती चांदी वर काढली. मग तिच्या मालकीवरून खटला उभा राहिला, तो थेट ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २०२४ मध्ये त्याचा निकाल लागला. पंचाहत्तर वर्षे पाण्याखाली असलेल्या चांदीचा हिशेब कोणी सोडला नाही. वीट न् वीट कागदावर होती.

माणसांचा हिशेब मात्र बराच काळ फक्त घरच्यांनी ठेवला. कोणाचा बाप, कोणाची आई, कोणाचा नवा नवरा त्या बोटीवर होता. त्यांच्या मुला-नातवंडांनी एकेक नाव गोळा करायला सुरुवात केली आणि २३ नोव्हेंबर २०२२ रोजी, घटनेला ऐंशी वर्षे झाली तेव्हा, ती मंडळी मुंबईत स्मरणासाठी एकत्र जमली. जमलेल्यांत कित्येकांनी गेलेल्या माणसाला कधी पाहिलेसुद्धा नव्हते.

आपण स्वतःला विचारले पाहिजे की ज्याला आपण पाहिले नाही, ज्याच्यामुळे आपल्याला जमीनजुमला मिळाला नाही, त्याला शोधत बसण्याचे कारण काय? आमचे उत्तर साधे आहे. वस्तूला किंमत असते म्हणून तिचा शोध घेतात. माणसाला नाव असते म्हणून त्याचा शोध घ्यायचा असतो. बाप्तिस्म्याच्या वेळी फादर सर्वांत आधी आईबापांना विचारतात, तुम्ही बाळाचे नाव काय ठेवले आहे? त्या नावाने परमेश्वर त्याला ओळखतो अशी आपली श्रद्धा आहे. मग ते नाव आपणच कसे टाकून देऊ?

नाव आणि आकडा

नाव टाकून देणे केवळ घरातच होते असे नाही. मोठमोठ्या राज्यकर्त्यांनीही ते केले आहे. २१ मे १९१७ रोजी ब्रिटिश साम्राज्यातील युद्धमृतांच्या कबरींची व्यवस्था पाहण्यासाठी एक आयोग स्थापन झाला. आज तो कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन या नावाने ओळखला जातो. या आयोगाचे तत्त्व चांगले होते. मेल्यावर जनरल आणि साधा शिपाई यांच्यात भेद नाही, सर्वांना सारखा मान. पुण्याला खडकीच्या युद्धस्मारक दफनभूमीत गेलेल्यांनी एकसारख्या दगडांच्या त्या रांगा पाहिल्या असतील.

पण सगळीकडे तसे झाले नाही. मेसोपोटेमियात मेलेल्यांसाठी बसऱ्याला स्मारक उभारले, त्यावर चाळीस हजारांहून अधिक मृतांचे स्मरण आहे. तिथे ब्रिटिश शिपायांची नावे भिंतीवर कोरली गेली. हिंदी शिपायांच्या बाबतीत अधिकाऱ्यांची नावे आली आणि बाकीच्यांचा फक्त आकडा आला, अमक्या पलटणीचे इतके. यांत पुण्याच्या सहाव्या डिव्हिजनमधल्या मराठा पलटणींचे लोकही होते. कुत-अल-अमाऱ्याच्या वेढ्यात उपाशी राहून २९ एप्रिल १९१६ रोजी शरण गेलेल्या सुमारे १३ हजारांत ही माणसे होती आणि पुढे कैदेत हजारो मेले. आयोगाने नेमलेल्या समितीने एप्रिल २०२१ मध्ये आपला अहवाल दिला आणि मान्य केले की आफ्रिका, मध्यपूर्व आणि हिंदुस्थान या भागांतील हजारो मृतांना सारखा मान मिळाला नाही. निदान १ लाख १६ हजार माणसांची, कदाचित त्याहून कितीतरी अधिक जणांची, नावाने नोंदच झाली नाही किंवा मुळीच स्मरण झाले नाही. ब्रिटनच्या संरक्षणमंत्र्यांनी त्यांच्या संसदेत क्षमा मागितली.

पदकांतसुद्धा हा भेद होता. पहिल्या महायुद्धानंतर जे ब्रिटिश युद्धपदक वाटले गेले ते शिपायाला चांदीचे मिळाले आणि मजुरांच्या तुकड्यांतील माणसाला ब्राँझचे. पश्चिम महाराष्ट्रातल्या कित्येक गावांत संगमरवराची एक पाटी दिसते. या गावातून इतके लोक महायुद्धावर गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच मजकूर. त्यांची नावे पाटीवर नाहीत. ती लक्षात ठेवण्याचे काम गावाचे होते. गावाने ते किती केले?

परक्या सरकारने आकडा लिहिला याचा आपल्याला राग येतो, आणि तो यावा. परंतु आपल्या पणजोबांच्या भावाचे नाव आपल्याला सांगता येत नसेल तर त्या सरकारला बोल लावण्याचा आपला अधिकार थोडा कमी होतो.

दोन सोपी उत्तरे

युद्धावर गेलेल्या माणसाविषयी बोलताना आपल्याकडे दोन सोपी उत्तरे तयार असतात. पहिले उत्तर असे की तो परक्यांच्या युद्धात गेला, परक्यांच्या पगारावर लढला, त्यात आपण काय आठवायचे? गोरे साहेब देशावर राज्य करीत होते, आणि हा त्यांच्याच कामाला गेला. दुसरे उत्तर नेमके उलट. तो शूर होता, वीर होता, त्याने हौतात्म्य पत्करले. फोटोला हार घालायचा आणि पुढचे काही विचारायचे नाही.

पहिल्या उत्तरात माणसाची परिस्थिती विसरली जाते. १९१४ साली शिपायाचा पगार महिना अकरा रुपये होता. दुष्काळ, सावकाराचे कर्ज, बहिणीचे लग्न, धाकट्या भावंडांची पोटे अशा गोष्टींसाठी माणसे त्या अकरा रुपयांमागे गेली. कोणी साहस म्हणून गेला, कोणी घरातल्या भांडणाला कंटाळून गेला. युद्ध कोणी सुरू केले हे त्यांना कोणी विचारले नव्हते. युद्धाचा दोष ठरवताना राज्यकर्ता आणि भटारखान्यातला पोऱ्या यांना एकाच तराजूत घालता येत नाही.

दुसऱ्या उत्तरात माणूसच विसरला जातो. जर्मनीत हॅराल्ड वेल्झर या अभ्यासकाने सहकाऱ्यांबरोबर चाळीस कुटुंबांतील तीन पिढ्यांना, हिटलरच्या काळात तुमच्या घरातली माणसे काय करीत होती, असे विचारले. २००२ मध्ये ते पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. त्यात असे दिसले की आजोबांनी स्वतः सांगितलेली कठोर गोष्ट मुलांच्या तोंडी सौम्य होते आणि नातवंडांच्या तोंडी तर आजोबा चक्क ज्यूंना वाचवणारे वीर होतात. कोणी मुद्दाम खोटे बोलत नव्हते. प्रेमापोटी गोष्ट बदलत गेली. हे काही केवळ जर्मन माणसाचे लक्षण नव्हे. आपल्या घरच्या गोष्टी तीन पिढ्यांत कशा बदलतात हे आपण सगळेच जाणतो.

मक्काबींच्या पुस्तकातील प्रसंग

या दोन्ही उत्तरांपलीकडची वाट पवित्र शास्त्रात आहे. मृतांसाठी प्रार्थना करण्याच्या आपल्या श्रद्धेला आधार म्हणून मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकातील बाराव्या अध्यायाचा दाखला नेहमी दिला जातो. दाखला ऐकलेला असतो, पण संपूर्ण प्रसंग क्वचितच लक्षात राहतो.

लढाई संपली आहे. शब्बाथ पाळून झाल्यावर यहूदा मक्काबी आणि त्याचे लोक आपल्या पडलेल्या सैनिकांचे देह उचलायला जातात. त्यांना आणून पूर्वजांच्या कबरीत ठेवायचे आहे. देह उचलताना दिसते ते भयंकर. पडलेल्या प्रत्येकाच्या अंगरख्याखाली याम्नियाच्या मूर्तींचे ताईत आहेत. नियमशास्त्राने मनाई केलेली ही गोष्ट. देशासाठी आणि धर्मासाठी लढलेले हे वीर आतून वेगळेच काही बाळगून होते.

यहूदापुढे तीन मार्ग होते. ताईत काढून फेकून द्यायचे आणि घरी जाऊन सांगायचे की सगळे निष्कलंक वीर होते. किंवा देह तिथेच टाकून द्यायचे, कारण असल्यांना कबर कशाला? त्याने यांतले काहीच केले नाही. जे दिसले ते सर्वांसमोर मान्य केले. न्यायी परमेश्वराचे स्तवन केले. मग सर्वांनी मिळून प्रार्थना केली की हे पाप पुसले जावे. आणि त्याने माणशी वर्गणी काढून दोन हजार द्राख्मा चांदी पापार्पणासाठी यरुशलेमला पाठवली.

मृतांसाठी प्रार्थनेचा हा आपला आधार निर्दोष माणसांविषयीचा नाही, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. ती माणसे निर्दोष असती तर प्रार्थनेची गरजच नव्हती. ती दोषी ठरून टाकून दिली गेली असती तर प्रार्थनेला अर्थ नव्हता. सत्य कळले आणि तरी माणूस आपला राहिला, म्हणून प्रार्थना झाली. ज्याच्या फोटोला आपण वीर म्हणून हार घालतो त्याच्यासाठी आपण मिस्सा सांगतो का? बऱ्याचदा नाही. वीराला प्रार्थनेची गरज असते असे आपल्याला वाटतच नाही. अशा रीतीने, मान देण्याच्या भरात, आपण त्याचा प्रार्थनेचा हक्क काढून घेतो.

सत्य कोणाला आणि कशासाठी?

इथे एक रास्त शंका निघेल. गेलेल्या माणसाच्या उखाळ्यापाखाळ्या काढायच्या कशाला? तो काही उत्तर द्यायला येणार नाही. शोध घेताना कागदांत काय निघेल याचा नेम नाही. कोणी पळून आला असेल, कोणी तुरुंगातून गेला असेल, कोणाला गुप्तरोग झाला असेल, कोणी परदेशात दुसरे घर मांडले असेल. कोणी हुकूम मिळाला म्हणून निःशस्त्र लोकांवर गोळी झाडली असेल. १३ एप्रिल १९१९ रोजी जालियनवाला बागेत डायरच्या हुकमावरून गोळ्या झाडणारे शिपाई हिंदी सैन्यातलेच होते.

आपली धर्मशिकवण याबाबत स्पष्ट आहे. खोटा आरोप करणे हे जसे पाप, तसेच योग्य कारण नसताना दुसऱ्याचा खरा दोष, जो ऐकणाऱ्याला ठाऊक नाही, उघड करणे हेही पाप. आठव्या आज्ञेखाली दोन्ही येतात. मेलेल्या माणसालाही नावलौकिक असतो आणि त्याची मुले जिवंत असतात. म्हणून शोधणे आणि चव्हाट्यावर मांडणे या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या पाहिजेत.

आम्हांला असे सुचवावेसे वाटते की स्वतःशी खोटे बोलू नये, हे पहिले. दुसरे, ज्यांचा त्या सत्याशी संबंध आहे त्यांच्यापासून ते लपवू नये. नवरा कुठे गेला हे न कळता आयुष्यभर वाट पाहिलेल्या बाईच्या मुलांना सत्य कळण्याचा अधिकार आहे, मग ते कडू का असेना. आणि ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांच्या वंशजांनाही आहे. तिसरे, ज्यांचा संबंध केवळ कुतूहलाचा आहे त्यांना ते सांगण्याची गरज नाही. लग्नाच्या मांडवात बसून पणजोबांच्या आजाराची चर्चा करणे हे काही संशोधन नव्हे.

कधी कधी शोध उलट दिशेनेही जातो आणि ज्याला लोकांनी नावे ठेवली तोच बरोबर होता असे निघते. ऑस्ट्रियातील सांक्ट राडेगुंड या खेड्यातला फ्रान्झ येगरश्टेटर हा शेतकरी आणि चर्चचा सेवक. हिटलरसाठी लढणार नाही म्हणाला, म्हणून ९ ऑगस्ट १९४३ रोजी त्याचा शिरच्छेद झाला. पदरी पत्नी आणि मुली. गावाने त्याला हट्टी ठरवले. पत्नीला विधवेचे निवृत्तिवेतन १९५० पर्यंत नाकारले गेले. गॉर्डन झान या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने गावात जाऊन लोकांना विचारले, कागद पाहिले आणि १९६४ मध्ये पुस्तक लिहिले, तेव्हा जगाला तो कळला. २६ ऑक्टोबर २००७ रोजी लिंझ येथे त्याला धन्यवादित घोषित करण्यात आले. पत्नी फ्रान्झिस्का तेव्हा चौऱ्याण्णव वर्षांची होती आणि समारंभाला हजर होती. त्याच गावातून जे रणांगणावर गेले आणि मेले तेही कोणाचे तरी मुलगे होते. व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये देशाची सेवा प्रामाणिकपणे करणाऱ्या सैनिकाचा मान राखला आणि अमानुष हुकूम नाकारणाऱ्याच्या धैर्याचीही प्रशंसा केली. दोघांसाठीही वेदीवर जागा आहे.

समोरच्या बाजूचे

आणखी एक पायरी उरते आणि ती चढायला जड आहे. ‘तिलावा’ बुडवणाऱ्या आय-२९ पाणबुडीचे पुढे काय झाले? २६ जुलै १९४४ रोजी फिलिपिन्सच्या उत्तरेला एका अमेरिकन पाणबुडीने तिला टॉर्पेडोनेच बुडवले. जवळजवळ सगळे खलाशी तिच्याबरोबर तळाशी गेले. मुंबईत आणि गोव्यात ज्या रीतीने आयांनी वाट पाहिली त्याच रीतीने जपानमधल्या आयांनी पाहिली. ज्यांनी आपली माणसे मारली त्यांच्यासाठी प्रार्थना करा असे प्रभू येशूने सांगितले आहे, आणि त्यात युद्धाचा अपवाद ठेवलेला नाही. आपल्या माणसाला आठवताना समोरच्या माणसालाही आठवता आले तर आपले स्मरण ख्रिस्ती झाले असे म्हणता येईल. ते एकदम जमेल असे नाही. पण निदान शत्रूला शिव्या देत आपल्या माणसाची मिस्सा ऐकणे टाळता येईल.

आपण काय करू शकतो?

संत आगस्तीन यांना सुमारे सोळाशे वर्षांपूर्वी नोलाचे बिशप पावलिनस यांनी विचारले होते की संताच्या कबरीशेजारी पुरल्याने मृताला काही लाभ होतो का? आगस्तीन यांनी एक छोटा ग्रंथ लिहून उत्तर दिले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की कबर, थाट आणि अंत्ययात्रा यांनी मुख्यतः जिवंतांचे समाधान होते. मृताला उपयोग होतो तो मिस्सा, प्रार्थना आणि दानधर्म यांचा. ज्याला कबरच मिळाली नाही त्याचे त्यामुळे काही अडत नाही. समुद्रात गेलेल्यांच्या नातलगांना यापेक्षा मोठा दिलासा कोणता?

म्हणून पहिले काम प्रार्थनेचे. दुसरे काम शोधाचे, आणि ते वाटते तितके अवघड नाही.

सुरुवात घरातल्या वयस्कर माणसांपासून करावी. त्यांना शूरपणाच्या गोष्टी विचारू नयेत, साधे प्रश्न विचारावेत. कोणत्या साली गेला? कोणत्या बंदरातून? पैसे कोणाच्या नावे येत? बातमी कोणी आणली? उत्तरे त्याच दिवशी वहीत लिहून ठेवावीत. घरात जुने पदक असेल तर त्याची कड भिंगाखाली पाहावी. पहिल्या महायुद्धाच्या पदकांच्या कडेवर नंबर, नाव आणि पलटण कोरलेली असते. पदक आटवून दागिना केला असेल तर तेही लिहावे, कारण त्या घराची गरजही त्या माणसाच्या कथेचा भाग आहे. खलाशाचे जुने सी.डी.सी. पुस्तक असेल तर त्यात बोटींची नावे आणि तारखा मिळतात.

नंतर धर्मग्रामाच्या नोंदवह्या. बाप्तिस्मा आणि विवाह यांची नोंद मिळते आणि दफनाची मिळत नाही, तेव्हा तो माणूस बाहेर गेला असावा हा पहिला धागा हाती लागतो. वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या यादीत इंटरनेटवर नावाने विनामूल्य शोध घेता येतो. भिंतीवर ज्यांचा फक्त आकडा होता त्यांचीही नावे त्या यादीत सापडू शकतात. आडनावाचे स्पेलिंग बदलून पाहावे, कारण साहेबाच्या कारकुनाने ऐकले तसे लिहिले. एकच सोझ किंवा गोन्साल्विस चार प्रकारे लिहिलेला असतो. दुसऱ्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या सुमारे साडेसहा हजार हिंदी खलाशांच्या नावांचे स्मृतिग्रंथ केले गेले. त्यांतला एक मुंबईत मस्जिद बंदरजवळच्या इंडियन सेलर्स होममध्ये आणि दुसरा चितगावला ठेवला गेला. त्यांत बहुसंख्य नावे व्यापारी बोटींवरच्या माणसांची. मराठा पलटणीत असलेल्यांसाठी बेळगावचे रेजिमेंटल सेंटर आहे, पेन्शनरांसाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे, जुन्या सरकारी कागदांसाठी मुंबई आणि पणजी येथे पुराभिलेखागारे आहेत.

स्वातंत्र्यानंतरच्या युद्धांतील माणसांना विसरू नये. ९ डिसेंबर १९७१ रोजी ‘खुकरी’ ही आपली युद्धनौका बुडाली, तिच्याबरोबर १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. त्यांच्या घरची काही माणसे आजही आपल्यात आहेत, बोलू शकतात. दिल्लीला २५ फेब्रुवारी २०१९ रोजी राष्ट्रीय युद्धस्मारकाचे उद्घाटन झाले, तिथे पंचवीस हजारांहून अधिक जवानांची नावे दगडात कोरली आहेत. तिथे नाव आहे, आकडा नाही, हे चांगले झाले.

शोधात जे सापडेल ते लिहावे आणि जे सापडणार नाही त्या जागी आपल्या कल्पनेने वीरकथा भरू नये. ‘अमुक साली बोटीवर गेला, पुढे माहीत नाही’ हे वाक्य अपुरे असले तरी खरे आहे. खोट्या शौर्यापेक्षा ते त्या माणसाच्या अधिक जवळ जाते. उरलेले परमेश्वराला ठाऊक आहे.

मृतांच्या मिस्सासाठी आपण पाकिटावर नावे लिहून देतो. सहसा आई-वडील, सासू-सासरे, अलीकडे गेलेला एखादा भाऊ इतकीच नावे असतात. या वर्षी पाकीट लिहिण्याआधी घरात एकदा विचारू या, आपल्यातले कोणी युद्धावर, बोटीवर, लष्कराच्या कामावर जाऊन परत आले नाही असे होते का? किंवा परत आले आणि पुढे त्यांनी त्याविषयी कधी तोंड उघडले नाही असे कोणी? मिळाले तर ते नाव आईबापांच्या नावाखाली लिहू या. पूर्ण नाव आठवत नसेल तर जेवढे आठवते तेवढे लिहू या, आणि वेदीवरून ते वाचले जाईल तेव्हा मुलांना सांगू या की हा आपला माणूस आहे.